ठीकताईचे तीन प्रश्न

ठीकताईला मी पहिल्यांदा पाहिलं, त्याच्या अकरा दिवस आधीपासून तिच्या नावाने माझ्या पोटात दुखत होतं. आकडा नक्की आहे, डायरीत पाहूनच सांगते. आम्हाला शाळेत डायरीची सवय लावणाऱ्या सिस्टर म्हणायच्या, वेळ न घातलेली नोंद म्हणजे नुसत्या गप्पा. त्याला साठ वर्षं झाली. मी अजून वेळ घालते.

तर तीन तारीख, बुधवार, सकाळचे सव्वाअकरा. मी वाटाणे सोलत होते. सून माझ्या यजमानांचा टॅबलेट हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. यजमानांना जाऊन चौदा महिने झाले होते. टॅबलेट तसाच पडून होता, तो तिने नातीसाठी पुसायला काढला होता.

“आई, बाबांना कोणीतरी विचारतंय, रागावलात का म्हणून.”

“कोण?”

“ठीकताई.”

“ही कोण आणखी?”

“ते मला विचारताय? नवरा तुमचा.” माझी सून तोंडाची फटकळ आहे, पण वाचून दाखवताना एक अक्षर गाळत नाही. तिने वाचलं: “किल्लीवाले, तुमची तीनशेबारावी सूचना वर्षभर उत्तराविना पडून आहे. महिनाअखेरीपर्यंत उत्तर आलं नाही, तर नियमाप्रमाणे ती बंद होईल. हे झालं नियमाचं. बाकी, बरेच दिवस दिसला नाहीत. रागावलात का? तुमच्याशिवाय इथे कोणी हसवत नाही.”

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. हसवत नाही? माझे यजमान?

आधी त्यांच्याबद्दल सांगायला हवं. ते पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासायचे. निवृत्त झाल्यावर घड्याळं उघडून बसायला लागले. त्यांचा सगळा शब्दकोश एका अक्षरात मावायचा: ‘हं.’ भाजी कशी झालीय? हं. मुलीकडे जाऊन यायचं का? हं. पंख्यातून आवाज येतोय, ऐकू येतोय का तुम्हाला? हं. चव्वेचाळीस वर्षं मी भिंतीशी बोलावं तसं बोलले. त्यातही भिंत निदान प्रतिध्वनी देते. भांडण म्हणून कधी नाही. लोक म्हणायचे, काय नशीबवान आहात. मीही मान हलवायची.

इंटरनेटवर जुन्या वस्तू दुरुस्त करणाऱ्यांचा एक कट्टा आहे आणि यजमान तिथे जातात, एवढं मला माहीत होतं. घड्याळं, पंखे, शिवणयंत्रं, रेडिओ. लोक फोटो टाकतात, अडलेलं विचारतात, एकमेकांना सांगतात. मला वाटायचं, हे तिथे स्प्रिंगांबद्दल विचारत असतील. या कट्ट्यावर आणखी एक दालन आहे, हे मला त्या दिवशी कळलं. खुद्द कट्ट्यातच काही बिघडलं, पान उघडेना, फोटो चढेना, किंवा एखादी नवी सोय हवीशी वाटली, तर तिथे लिहायचं. त्या दालनात एक बाई बसते. ती प्रत्येकाला उत्तर देते आणि शेवटी ‘ठीक झालं का?’ असं विचारते. तक्रार करणारा ‘ठीक’ म्हणेपर्यंत ती तक्रार बंद करत नाही. म्हणून ठीकताई.

माझ्या नवऱ्याने ‘किल्लीवाले’ या नावाने तिला नऊ वर्षांत तीनशे बारा पत्रं लिहिली होती. आता तुम्ही त्यांना तक्रारी म्हणा, सूचना म्हणा. मी मोजून पत्रंच म्हणते.

सुनेने मला पडद्यावर बोट कसं सरकवायचं ते दाखवलं आणि मी वाचायला बसले. आणि वाचता वाचता माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काय लिहीत होता हा माणूस! लांबलचक, खेळकर, टोमणे मारणारं. एके ठिकाणी लिहिलं होतं: “तुमच्या कालच्या दुरुस्तीबद्दल. ताई, गळती तुम्ही थांबवली नाहीत, तिला फक्त दुसरी खोली दाखवलीत.” त्यावर ठीकताई: “अहो, हे मी भिंतीवर लिहून लावणार आहे!” आणि पुढे हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

मला सवत असती तर निदान तिच्या साडीला नावं ठेवता आली असती. तक्रारखिडकीवर जळणारी मी जगातली पहिलीच बायको असेन.

रोज दुपारी दोन ते पाच मी वाचायचे. चौथ्या दिवशी ते गळतीचं वाक्य पुन्हा समोर आलं आणि मला वाटलं, हे मी कुठेतरी ऐकलंय. तारीख पाहिली. सोळा जून. उठून कपाटातून त्या वर्षाची डायरी काढली. चौदा जून, मंगळवार, दुपारी साडेतीन: ‘नळवाला तिसऱ्यांदा येऊन गेला. मी यांना म्हटलं, हा माणूस गळती थांबवत नाही, तिला फक्त दुसरी खोली दाखवतो. हे: हं.’

मी खुर्चीवर बसले. मग एकेक करून सगळ्या डायऱ्या खाली काढल्या.

नणंदेबद्दल मी म्हटलं होतं, तिच्या फोनवरच्या दोन मिनिटांत माझा स्वेटर विणून होतो. तीन दिवसांनी कट्ट्यावर: “पान दोनच मिनिटांत उघडतं म्हणता. त्या दोन मिनिटांत आमच्या घरी स्वेटर विणून होतो.” मुलाला मोजे सापडत नव्हते तेव्हा मी म्हटलं होतं, याच्या नाकासमोर वस्तू ठेवली तर हा नाकच शोधत बसेल. आठवड्याने कट्ट्यावर: “तुमच्या शोधखिडकीच्या नाकासमोर वस्तू ठेवली, की ती नाकच शोधत बसते.” त्याच्याखाली त्या बाईने लिहिलं होतं, “किल्लीवाले, तुमच्या डोक्यात येतं कुठून हे सगळं?”

कुठून! माझ्या स्वयंपाकघरातून!

एकवीस ठिकाणं सापडली. सून म्हणाली, “आई, हे तर चांगलंच आहे. बाबा ऐकत होते म्हणजे.”

“ऐकत होते, मग मला का नाही सांगितलं? हसले का नाहीत कधी? हसायला त्यांना चाळीस मिनिटांवरची बाई लागली?”

“चाळीस मिनिटं हे कुठून काढलंत?”

मी डायऱ्या रचायला घेतल्या. बसचा वेळ मी आधीच विचारून ठेवला होता.

पत्ता कट्ट्यावरच होता. लोक आपले जुने फोन ठीकताईला पाठवतात, कारण तक्रार ज्या जातीच्या फोनवरून आली, त्याच जातीच्या फोनवर ती तेच करून पाहते. स्वतःच्या डोळ्यांनी बिघाड दिसल्याशिवाय ती पुढे पाऊल टाकत नाही. चौदा तारखेला, रविवारी, मी त्या जूनची डायरी आणि आणखी दोन पिशवीत घातल्या आणि निघाले. तिला दाखवणार होते, की ज्याच्या विनोदावर तू नऊ वर्षं भुललीस, तो विनोद उसना होता. झाकली मूठ उघडायचीच, असं ठरवून बसमध्ये बसले.

छायाप्रतींच्या दुकानावरचा तिसरा मजला. जिन्यात शाईचा वास. दार उघडलं ते साठीच्या बाईने. ठेंगणी, पांढरे केस कानामागे, चष्मा दोरीने गळ्यात. मी मनात काय काय चेहरे काढले होते, ते सगळे फुकट गेले. ती बोलताना पुढे वाकायची आणि मान किंचित तिरकी करायची. नंतर कळलं, सव्वीस वर्षं ती बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत होती. काचेतल्या भोकाशी तोंड नेऊन बोलायची ती सवय अजून गेली नव्हती.

एकच खोली, पण आरशासारखी लख्ख. खिडकीपाशी टेबल, त्यावर स्टीलच्या ट्रेमध्ये नऊ जुने फोन, प्रत्येकाच्या पाठीवर चिकटवलेली चिठ्ठी. भिंतीवर लंबकाचं घड्याळ. आणि घड्याळाशेजारी, जाड अक्षरांत लिहिलेला कागद: गळती थांबवली नाहीत, तिला फक्त दुसरी खोली दाखवलीत. — किल्लीवाले.

“मी किल्लीवाल्यांची बायको,” मी म्हटलं.

“अगंबाई! वहिनी! या, या, बसा. आणि ते? खाली थांबलेत का? जिने चढवत नाहीत का त्यांना?”

ज्या माणसाचा चेहराही कधी पाहिला नाही, त्याची बायको म्हणे वहिनी. मी उभ्याउभ्याच सांगितलं, तारखेसकट. चौदा महिने झाले म्हणून.

ती खाली बसली. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाली, “किती वाजता?”

हा प्रश्न मला तोवर कोणीही विचारला नव्हता. लोक विचारतात, कशाने.

“दुपारी दोन चाळीस.”

तिने टेबलाच्या खणातून एक वही काढली. पडद्यावर सगळं असताना ती वहीतही टिपते. माझ्यासारखीच. तेही मला आवडलं नाही. तिने बोट फिरवलं आणि थांबली. “त्याच दिवशी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी सूचना आली होती. तीनशेबारावी. ‘मजकुराच्या खाली, मूळ शब्द कोणाचे, हे लिहायला एक ओळ द्यावी.’ मी विचारलं, गरज कशासाठी? आठ अठ्ठेचाळीसला उत्तर: ‘ते उद्या सांगतो. आत्ता चहाला हाक आली आहे.’”

ती हाक माझी. माझ्या डायरीत त्या दिवशी लिहिलेलं आहे: आठ पन्नास, चहा दिला. विचारलं, साखर बरोबर आहे का? हे: हं. म्हणजे या माणसाचं शेवटचं पूर्ण वाक्य तिच्या वाट्याला आलं, आणि दोन मिनिटांनी मला मिळालं ‘हं’.

तिने चहा टाकला. पाठमोरी असताना म्हणाली, “काय माणूस होता हो. घरीसुद्धा असेच बोलायचे का?”

“घरी ते ‘हं’ म्हणायचे.”

ती खळखळून हसली. “बघा! तुम्हीपण त्यांच्यासारख्याच बोलता. संगतीचा परिणाम!”

माझ्या कानशिलातून वाफा आल्या. मी पिशवी छातीशी धरली. चहा पुढे ठेवून ती समोर बसली, मान तिरकी करून माझ्याकडे पाहत. वेळ काढायला मी विचारलं, हे काम तुम्हाला कसं मिळालं? तिने सांगितलं. वडील अंथरुणाला खिळलेले, त्यांची बारा वर्षं सेवा केली. लग्न राहून गेलं. वडील गेले आणि भिंतीवरचं ते लंबकाचं घड्याळही आठवड्यात थांबलं. ते कसं चालू करायचं हे विचारायला ती कट्ट्यावर आली आणि येताच तिने कट्ट्याच्याच सतरा चुका काढल्या. मालक वैतागून म्हणाला, बाई, तुम्हीच का नाही सांभाळत हे? तेव्हापासून सांभाळतेय.

“लोक हसतात तक्रार करणाऱ्याला,” ती म्हणाली. “एक शिवणयंत्रवाला लिहायचा, कट्टा फक्त मंगळवारी मंद चालतो. सगळे म्हणाले, तुझाच मंगळ वाईट. मी सहा मंगळवार इथे बसले. दुपारी तीनला खरंच मंद व्हायचा. मालकाने कट्ट्याचा सगळा मजकूर साठवून ठेवायचं काम मंगळवारी तीनला लावलं होतं आणि विसरला होता. खिडकीत असताना शिकले वहिनी, माणूस चुकीची गाडी विचारतो, पण उगाच विचारत नाही.”

मग तिने कप बाजूला सरकवला.

“तुम्ही नुसतं कळवायला नाही आलात. मघापासून तुमचा हात त्या पिशवीवर आहे. सामान असं घट्ट धरलेला माणूस मी लांबून ओळखते. सांगा. काय केलंत, काय व्हायला हवं होतं, काय झालं?”

हे तिचे तीन प्रश्न. प्रत्येकाला तेच, त्याच क्रमाने. यजमानांच्या पत्रांवर मी ते तीनशे बारा वेळा वाचले होते आणि प्रत्येक वेळी जळले होते.

“चव्वेचाळीस वर्षं बोलले,” मी म्हटलं. “उत्तर यायला हवं होतं. उत्तर आलं, पण तुमच्याकडे.”

आणि डायऱ्या तिच्यासमोर ठेवल्या.

मला वाटलं होतं, ती रडेल, किंवा खोटं आहे म्हणेल. तिने माझी डायरी उघडली. चौदा जून वाचला, आपल्या वहीतला सोळा जून काढला, दोन्हींवर बोट ठेवलं. “एकदा झालं तर योगायोग,” ती म्हणाली. स्वेटर जुळवला. “दोनदा झालं तर शंका.” नाक जुळवलं. ती मागे टेकली आणि भिंतीवरच्या कागदाकडे पाहू लागली. तिचा चेहरा एकदम लहान दिसला. तिच्याकडचं काहीतरी मी काढून घेतलं होतं. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. लपवत नाही.

“म्हणजे मी नऊ वर्षं तुमच्यावर हसत होते,” ती म्हणाली.

“माझ्या बोलण्यावर.”

“हो, तेच ते.” मग आपली वही पुढे ओढून, “तीनशेबारावी सूचना...”

“माझ्यासाठीच होती,” मी पटकन म्हटलं. “मूळ शब्द कोणाचे. त्यांना माझं नाव द्यायचं होतं.”

“असेल. पण त्याच आठवड्यात त्यांनी एका जुन्या पुस्तकातली घड्याळाची आकृतीही लावली होती. आकृतीखाली पुस्तकवाल्याचं नाव द्यायला जागा हवी, असंही असेल.”

“तुम्हाला तसंच असायला हवंय!”

“नाही वहिनी. मला कळलेलं नाही, एवढंच. जे कळलं नाही ते मी ‘आहे’ म्हणून लिहीत नाही.”

असा राग आला मला! एक शब्द खोटा बोलली असती तर काय बिघडलं असतं? पण माझ्या डायरीत मीही तसंच करते, हे आठवलं आणि मी कप उचलला.

तिने नियम सांगितला. गरज कोणीतरी लिहून दिली तरच ती ओळ मालकाकडून करून घेता येईल. मुदत महिनाअखेर. मी लिहिलं तरी चालेल. “पण एक सांगते. ते दालन सगळ्यांना दिसतं. तिथे शेकडो लोकांना किल्लीवाले आवडायचे.”

म्हणजे नाव हवं असेल तर नवऱ्याला चोर म्हणायचं, चारचौघांत, तो बाजू मांडायला नसताना. आणि नाही म्हटलं तर ती ओळ, त्यांनी मागितलेली शेवटची गोष्ट, महिनाअखेरीला बंद.

उतरताना जिन्यात वास तोच होता. ती दारातून म्हणाली, “तो कागद काढू का?” मी पायऱ्या मोजत खाली आले.

पुढचे बारा दिवस मी घरात कोणाशी धड बोलले नाही. सून म्हणाली, “आई, तुम्हीपण ‘हं’ म्हणायला लागलात.” त्यावर हसूही आलं आणि रडूही. दहा कागद लिहून फाडले. एकात तर एकवीसही तारखा ओळीने मांडल्या होत्या, कोर्टात द्याव्यात तशा. तो फाडताना फार जड गेलं. इतकी नेटकी यादी मी आयुष्यात केली नव्हती.

सव्वीस तारखेला, शुक्रवारी, सुनेला म्हटलं, मला त्या कट्ट्यावर खातं काढून दे.

“नाव काय घालू? किल्लीवाली?”

“मी कोणाची वाली-बिली नाही. लिही, तारीखवार.”

आणि तीनशेबाराव्या सूचनेखाली मी लिहिलं: “काय केलं: घरात बोललेलं वाक्य किल्लीवाल्यांनी कट्ट्यावर लिहिलं. काय व्हायला हवं होतं: बोलणारीचं नाव खाली यायला हवं होतं. काय झालं: तशी जागाच नव्हती. जागा नव्हती म्हणून त्यांना नाव देता आलं नाही. त्यांच्या पत्नीकडून, सकाळी दहा वाजून पाच मिनिटं.”

जागा नव्हती म्हणून, हे खरं की नाही, मला माहीत नाही. डायरीत असं मी कधी लिहिलं नसतं. तक्रारीत लिहिलं.

कोणी त्यांना चोर म्हटलं नाही. लोकांनी नमस्कार लिहिले, आठवणी लिहिल्या. एका पंखेवाल्याने लिहिलं, “तरीच! एका माणसाला एवढं सुचणं शक्यच नव्हतं.” ठीकताईने लिहिलं, “गरज स्पष्ट झाली. काम सुरू.” बाकी एक शब्द नाही. मला वाटलं होतं, निदान एखादा हसरा चेहरा येईल.

ओळ यायला तीन आठवडे लागले. नवी सोय आली की ठीकताई ती आधी स्वतः करून पाहते, त्यासाठी तिने यजमानांचं जुनं पत्र निवडलं. सोळा जूनचं. सुनेने टॅबलेट माझ्यासमोर धरला. गळती, दुसरी खोली, आणि त्याच्या खाली बारीक अक्षरांत: ‘मूळ शब्द: तारीख’. खाली ठीकताईचा प्रश्न: “वहिनी, ठीक झालं का?”

“आई, रडताय?”

“नाव अर्धं आलंय,” मी म्हटलं. “शेवटची दोन अक्षरं खाल्ली.”

“चालतंय हो! ठीक लिहून टाका.”

मी नाही लिहिलं. चष्मा लावला आणि स्वतः, एका बोटाने, माझी पहिली तक्रार लिहिली: नव्या ओळीत नाव पुरतं मावत नाही, बहुधा मोठ्या माणसांची नावं तिने कधी ऐकली नसावीत. तासाभरात उत्तर आलं. हसऱ्या चेहऱ्यांची रांग होती. मी मोजले, सात. गळतीच्या वाक्यावर यजमानांना पाच मिळाले होते.

नाव आता पुरतं दिसतं. तरी मी अजून ‘ठीक’ म्हटलेलं नाही, कारण रोज काहीतरी सापडतंच. काल शोधखिडकीबद्दल लिहिलं, आज फोटोबद्दल. भिंतीवरच्या कागदावर तिने खाली माझं नाव घातलं की कागदच काढला, हे अजून विचारलेलं नाही. पुढच्या पत्रासाठी ठेवलंय. मात्र आज सकाळी मी नऊ वाजून दहा मिनिटांनी लिहिलं, तो पंखेवाला नऊ बावीसला आला, आणि ठीकताईने आधी उत्तर दिलं ते त्याला. त्याच्या वाक्यात हसण्यासारखं काहीही नव्हतं. वेळ लिहून ठेवली आहे.